दांडा

फुलवंता शाळेचं आवार झाडते
एकोणीस वर्षं, हातभर खराट्यानं.
मी रस्त्याच्या अलीकडे, बांबू चिरत.
तिचा चेहरा मला क्वचितच दिसला,
पाठ मात्र लांबूनही ओळखू येते.

उपकेंद्रातल्या सिस्टरनं गोळ्या दिल्या, म्हणाली,
कमरेतून नका वाकू, गुडघ्यातून वाका.
"आता गुडघ्यानं झाडू का, सांग बाप्पा!"
माझ्या अंगणात येऊन हसली,
आणि हसणं अर्ध्यात ठेवून
हात कमरेवर नेला.

म्हटलं, भिंतीला टेकून उभी राहा, माप घेतो.
टाचा टेकल्या.
खांदे काही टेकेनात.
"राहू दे, जेवढी आहेस तेवढी मोजतो."
मग दोन बोटं जास्तच धरली.

वाकडा बांबू आम्ही जाळावर शेकतो,
तेल लावून, थोडा थोडा दाबत;
घाई केली की तडकतो.
तिलाही तेच सांगितलं:
टोळीचं तेल, तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी,
निजताना पोटऱ्यांखाली घडी केलेलं पोतं,
आणि पाण्याचा गुंड अंगाशी धरून उचलायचा,
लांबून नाही.

सोमवारी नवा दांडा घेऊन आली.
हेडमास्तर फाटकातून आत शिरले
तशी ती सवयीनं वाकली.
खराटा नाही वाकला.
क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली,
मग तीही उठली.

"मोठी मालकीणच झाली," पारावरचे दसाराम म्हणाले.
"कचरा तर तोच निघते ना?" ती म्हणाली,
आणि त्यांच्या पायाखालून सरळ खराटा फिरवला.

आता सांगते, खिडकीतून फळा दिसतो म्हणे,
चौथीच्या मास्तराचं गणित दोनदा चुकलं.
दुखणं गेलं का, विचारलं तर म्हणते,
ढगाळ दिवशी येते पाहुण्यावाणी,
मुक्काम नाही करत.

परवा मात्र ती माझ्याकडेच बघत होती.
"तू सकाळपासून उकिडवा आहेस.
लोकांची मापं घेतेस, तुझं कोण घेईन?"

तेव्हापासून शाळेची घंटा झाली
की दांडा फाटकावर दोनदा वाजतो.
मी कोयता ठेवतो, उठतो,
हाडं ओल्या कामटीसारखी कुरकुरतात,
हात वर ताणून रस्त्याकडे बघतो:
ती बघत असते
मी पूर्ण उठलो की नाही.