पंखा फिरंना

रुद्रप्पा हंचनाळे स्कूटरवरून कॅबिनेट घेऊन आला,
टॉवेलात गुंडाळून, पायांत धरून,
आजारी शेरडू आणावं तसं.
"फ्यान तिरगवल्दु," म्हणाला.
मी वहीत लिहिलं : पंखा फिरंना.
त्याच्या बोलीत काय, माझ्या बोलीत काय,
पंखा बिघडलेला नसतोच कधी,
त्याची मर्जी नसते.

निपाणीच्या स्टँडसमोर वरच्या मजल्यावर मी,
खाली इस्माईलचाचांची शिलाई.
"कवा देतीस?"
"आधी बघू तरी द्या की."

वायर काढली. पण लगेच उघडत नाही मी.
वायर काढल्यावरही पॉवर सप्लायच्या पोटात
करंट बसून राहतो,
भांडून, तोंड फिरवून झोपलेल्या माणसासारखा.
हात लावावा तेव्हा कळतं, जागाच होता.
थोडा वेळ जाऊ दिला. तेवढ्यात रुद्रप्पानं
वखारीच्या मॅनेजरला दोन शिव्या
आणि जावयाची एक तक्रार उरकून घेतली.

चार स्क्रू. चौथा स्टिकरखाली,
ज्यावर लिहिलंय, उघडू नये.
उघडला.
आणि शिंकले. तीनदा. रुद्रप्पा दोनदा.
पिवळट भुकटी, बोटभर थर,
जाळीवर, ॲल्युमिनियमच्या फणीत, पात्यांच्या कुशीत.
वखारीतला अख्खा हंगाम
श्वासाश्वासानं आत ओढलेला.

ब्रशनं झाडलं. मग पिनांच्या गठ्ठ्यातून
हिरवी वायर शोधली, शेजारची काळी,
यू-पिन वाकवून दोघींची गाठ घालून दिली.
अशानं कॉम्प्युटरशिवायही सप्लाय उठतो.
उठला. पंखा नाही.
मीटर म्हणाला, पाच व्होल्ट. पंख्यावर लिहिलंय बारा.

इथं घाई करतात लोक. थेट भंगारात.
पण काही पंखे आत ऊब धरल्याशिवाय
उठतच नाहीत.
मोहरीएवढा थर्मिस्टर असतो आत,
कपाळावर हात ठेवून ताप बघणारा.
एक हात पाठीमागे बांधल्यासारखा धरला,
दुसऱ्यानं सोल्डरिंगची तापली सळी
त्याच्याजवळ नेली, न टेकवता.
पाच. सात. साडेदहा.
पंखा ढिम्म.
म्हणजे वरून येणारं सगळं पोचतंय,
दुखणं याचं स्वतःचं.

केरसुणीची हीर मोडून पात्याला ढोसलं.
अर्धा फेरा. थबकला.
परत ढोसलं. पाव फेरा.
"ह्यो आमच्या जावयासारखा," रुद्रप्पा.

स्विच बंद केला, पुन्हा तेवढाच वेळ बसले.
पंखा सोडवला, मधला गोल कागद नखानं उचलला,
खालचं रबरी बूच काढलं.
हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नाही.
बारा वर्षं आईशेजारी सूप घेऊन
विडीचं तोंड दुमडत होते,
बोटांना अजून हजारी पाठ आहे.
चाचांच्या मशीनचं तेल, एकच थेंब.
दुसरा पडला तर धूळ चिकटते
आणि रुद्रप्पा परत येतो.

सगळं जोडून स्विच दाबला.
आधी कण्हला. मग पाती दिसेनाशी झाली.
जाळीमागे तळहात धरला :
कोमट वारा, तंबाखूचा.
दिवेलागणीला आई उंबऱ्याबाहेर पदर झाडायची, तेव्हाचा.
शिंक आली नाही या वेळी.
धरून ठेवला हात, लागतो त्याहून जरा जास्त.

"खरं सांगते, हे सहा महिने. बेअरिंग झिजलंय.
ऐंशी मिलिमीटरचा नवा टाकावा लागणार,
माझ्याकडं नाही."
"मग बेळगाव का कोल्हापूर?"
"जी गाडी आधी लागंल ती."
दीडशे सांगितले, त्यानं एकशेवीस मोजले,
वर एक सुपारी.

जिना उतरून तो परत वर आला,
जाळीला कान लावला
आणि कुणाचं तरी बाळंतपण सुखरूप झाल्यासारखं
हळूच म्हणाला, "तिरगाकत्तैति."

त्या गडबडीत वहीत पुढं काही लिहायचं राहिलं.
तिथं अजून
पंखा फिरंना.