छप्पन्नावा दिवस

वेल्हाळ्याकडून वारा सुटला की
आई गच्चीवरचे बिबडे उचलायची,
तरी दाताखाली यायचीच
दीपनगरची राख.
केळीच्या पानावर बोटानं नाव लिहिता यायचं.
मी लिहिलंय. कुणाचं, ते राहू द्या.

आता तीच राख टँकरनं येते माझ्या प्रयोगशाळेत,
पिठासारखी मऊ, जात्याशिवाय दळलेली.
शंभरातलं पस्तीस किलो सिमेंट काढून
तेवढी जागा हिला देते,
सहा इंची ठोकळे पाडते,
अंगावर तारीख घालून हौदात बुडवते.

सातव्या दिवशी पहिला ठोकळा
यंत्राखाली लवकरच फुटला.
ठेकेदार फिरके हसले,
"मॅडम, चुलीतलं चुलीतच बरं."
अठ्ठाविसाव्याला ते आलेच नाहीत.
काटा काठावर थांबला होता, जेमतेम.

आईला फोनवर सांगितलं.
म्हणाली, "एवढी घाई कायले व माय?
मठाला राख चोळून ठेवतो आपण,
किडा लागला नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळतं का?"

आज छप्पन्नावा.
यंत्र कण्हलं, ठोकळा नाही.
काटा नुसत्या सिमेंटच्या खुणेपुढे गेला
आणि मी वहीत आकडा लिहायचा सोडून
टेबलावर सांडलेल्या राखेत
बोट फिरवत बसले.

फिरक्यांच्या मोरीचा पाया सोमवारी.
राखेचं तळं अजून भरलेलंच आहे,
आईचे बिबडे अजून झाकलेलेच.
एक टँकर कमी झालाय फक्त.