कोठी

पडदा आणलाच नाही. भिंतीलाच दोनदा लांबी भरली,
घासकागद मारला, वर पांढरा डिस्टेंपर. चारशे ऐंशी.
प्रोजेक्टर भुसावळातल्या बंद पडलेल्या क्लासचा,
काचेवर अजून खडूची धूळ.
अंड्यांचे ट्रे जामनेर रोडच्या गाडीवाल्याने फुकट दिले,
नव्वद मोजून.
खिडकीला केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस, आत कोण मोजतो.
कूलर लावला तर नट काय बोलतात कळेना,
बंद केला तर प्रोजेक्टर शुद्ध हरपतो.
मग अर्धा तास पिक्चर, दहा मिनिटं कूलर.
“येड्या, त्यापेक्षा टाकीजले जाय ना भो,”
म्हणाला टिकाराम,
आणि चप्पल काढून पुढेच बसला.

वूफरला खोका हवा होता.
गव्हाची पत्र्याची कोठी रिकामीच होती.

द्वारकाआत्याला वीस वर्षं काही ऐकू येत नाही.
ती कोठीला पाठ लावून बसली, पाय पसरून.
भिंतीवर नुसतंच कोणी कोणाला समजावत होतं,
तेव्हा एकदम सावरून म्हणाली,
“मालगाडी. भरेल.”

आम्ही कूलर बंद केला.

खरंच होती.