तिसरी मूठ

इद्वलच्या शेडमध्ये हीटर नाही.
लेथ आहे, सव्वीस वर्षं कारखान्यात राबलेला,
भंगाराच्या भावात घरी आणलेला.
पितळी नळाचा तुकडा चकमध्ये फिरतो,
सोनेरी कीस बाहीत, चहात.

छऱ्याच्या बंदुकीच्या बोल्टला नवी मूठ.
पहिली निसटायची, दुसरी थंडीत बोचायची.
दुकानात मिळतात की,
काळ्या, गुळगुळीत, कुणाच्याही हातच्या.

ग्वेनीथची बोटं आता नीट मिटत नाहीत.
त्याने साबणाच्या ओल्या वडीवर तिची पकड उमटवून घेतली,
कॅलिपरने मोजला एकेक खळगा.
लग्नात अंगठीचं माप चुकलं होतं त्याचं.

रविवारी, ऱ्हॉन्डाच्या उतारावर, मेंढ्यांच्या कुंपणाअलीकडे
पत्र्याचा कावळा टण्णकन आडवा.
"चालतंय," ती म्हणाली.
तो अंगठ्यात रुतलेलं पितळेचं कुसळ
दातांनी काढत राहिला.