वय अंदाजे चाळीस

माघ सरता सरता नळबाजारातून
खांद्यावर मारून आणला हा सांगाडा.
चाकं नाहीत, हँडल नाही, सीटच्या जागी चिंधीचा बोळा.
सैफुद्दीन म्हणाला, पोलाद आहे, नाटकं नाहीत,
आणि साडेअकराशेवरून एक पैसा खाली उतरला नाही.

हिने फक्त विचारलं, "हे घरात येणार?"
मग स्वतःच गॅलरीतली तुळस सरकवली वीतभर.

रंग खरवडत गेलो.
वरचा काळा, त्याखाली पोस्टाच्या पेटीचा लाल,
त्याखाली हिरवा, आणि अगदी तळाशी
आकाशी, कुणा शाळकरी पोराने हट्टाने मागितला असावा असा.
तिथेच खिळ्याने कोरलेलं: रो. मि.
रोहिदास मिठबावकर? रोझी मिस्किटा?
पॉलिश पेपर हातात घेऊन बराच वेळ बसलो
आणि तेवढं सोडून बाकीचं घासलं.

मी एक्स-रे काढतो. परळला, सव्वीस वर्षं.
माणसं माझ्यासमोर श्वास धरून उभी राहतात
आणि मी म्हणतो, "सोडा."
एका रात्रपाळीत, अडीच वाजता, वॉर्ड निजलेला,
हा सांगाडा मी टेबलावर झोपवला.
(कुणाला सांगू नका. फिल्मचे पैसे भरलेत.)
नाव: रो. मि. लिंग: माहीत नाही. वय: अंदाजे चाळीस.
तक्रार: काही नाही.
पण दिसलीच ती, पायडलच्या गाभ्याजवळ
केसाएवढी चीर,
पडूनही "काही झालं नाही" म्हणणाऱ्यांच्या मनगटात असते तशी.

भांडुपच्या पर्शराम वेल्डरने फिल्म उन्हाकडे धरली.
"सायकलचा?"
"सायकलचा."
पैसे घेतले नाहीत. फिल्म ठेवून घेतली, भिंतीवर लावायला.

बत्तीस आरे मीच ओवले, उलट्या स्टुलावर.
एक ताणला की समोरचा रुसतो,
त्याची समजूत काढावी तर तिसरा कुरकुरतो.
नऊ रात्री गेल्या. तरी चाक
मिलिमीटरभर डावीकडे झुकतंच राहिलं.
राहू दे म्हटलं. मीही झुकतो.

फाल्गुनात, पहाटे पाचला, बत्तीस आरे घेऊन आरेत शिरलो.
काटेसावरीची फुलं रस्त्यावर, जड, मांसल,
चाकाखाली आली की फट्कन वाजायची.
गोठ्यांचा वास आणि आंब्याचा मोहोर,
दोघांत काही भांडण नव्हतं.

शर्यत पाडव्याच्या आधीच्या रविवारी.
मार्व्याहून होडीत सायकली आडव्यातिडव्या,
आमचे पाय त्यांच्यात अडकलेले.
मनोरी ते उत्तन, परत, आणि पुन्हा एकदा.
त्रेचाळीस जण. शेजारी निमिष काबाडी, वय एकोणीस,
पाय वस्तऱ्याने भादरलेले.
"अंकल, ही व्हिंटेज?"
"नाही," म्हणालो, "पेशंट."

उत्तनला वलांडीवर बोंबील वाळत होते,
जबड्यात जबडा, दोन-दोन.
माझंही तोंड तसंच उघडं.
टोपली घेऊन निघालेली कोळीण थांबली:
"दम खा रे बाबा, रस्ता कुठं पलतो?"
चढावर श्वास कधीचा धरून ठेवला होता कोण जाणे.
वळणावर स्वतःलाच म्हटलं, सोडा.
मग उतार. पोलादाने सगळे खड्डे
आपल्या पोटात घेतले, मला एकही कळू दिला नाही.

एकतिसावा आलो.
निमिष चौथा, आणि टेम्पोच्या आडोशाला बसून रडला.
त्याला माझ्या बाटलीतलं कोकम दिलं.
प्यायला, आंबट तोंड केलं,
आणि वेल्डिंगच्या गाठीवर बोट फिरवत राहिला.

आता ब्रेकच्या तारा बदलायच्यात. घंटी हवी.
आणि रंग. दुकानात आकाशी मागितला
तर त्याने पुढ्यात अकरा पट्ट्या पसरल्या,
यातलं कुठलं?
तीन आठवडे झाले. पट्ट्या खिशात आहेत.