गिरणीतलं तिसरं मांजर

पट्टा चढवला की शेंदऱ्या येतो.
शेजारच्याला कानात बोलावं लागेल अशी घरघर,
आणि हा वजनकाट्याच्या ताटलीत
गोल होऊन झोपतो.
उठवायला जीव होत नाही, म्हणून
चार किलो शंभर ग्रॅम वजा करायची सवयच लागली मला.
दिवाळीनंतर सव्वाचार.
गिऱ्हाईकंही विचारतात,
"शेंदऱ्या काढून किती झालं व, मावशी?"

भुरी तशी नाही.
भुरी लाईन गेल्यावर येते.
गिरणी थांबली, पट्ट्याची शेवटची फटफट विरली,
की फुटक्या कवेलूतून आधी एक पाय,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग उरलेली भुरी.
सात वर्षांत तिची पाठ माझ्या हाताखाली
दोनदाच आली. एकदा ती आजारी होती,
एकदा मी.

तिसरं आणलं कवडूभाऊनं,
हिंगणघाटच्या जिनिंगमधून, पोतडीत घालून.
काळं कुळकुळीत, मुठीएवढं,
शेपटीला सरकी चिकटलेली.
"ठेव व माय, तुह्याकडे उंदरं हायेत."
म्हटलं, उंदरं आहेत बावा, पण मांजरंही आहेत.
तोवर त्याची सायकल नाल्यापलीकडे गेली होती.

शेंदऱ्यानं हुंगलं, शिंकला, काट्यावर जाऊन झोपला.
जगात आणखी एक वस्तू आली, एवढंच त्याच्या लेखी.
भुरीनं मात्र
गिरणीच्या दोन दगडांत खिळा यावा
असा आवाज काढला
आणि तीन दिवस खाली उतरली नाही.

पंचफुलाबाई म्हणाली, चुलीभोवती तीनदा फिरव,
पायाला लोणी लाव, मग घर धरते.
चूल राहिली कुठं? सिलेंडरभोवती फिरवलं.
लोणी पिल्लानं चाटलं.
पण घर न धरण्याची तक्रार पिल्लाची नव्हतीच.

मग माझ्या डोक्यानं केलं.
पिल्लू कोठीत, दार ओढलेलं,
दाराच्या अलीकडे एक ताटली, पलीकडे एक.
जेवायचं तर एकमेकींचा वास घेत जेवा.
भुरीचं फडकं पिल्लाखाली घातलं,
पिल्लाचं फडकं भुरीच्या कोपऱ्यात.
ती त्यावर मुतली.
हेही उत्तरच म्हणायचं.

"काऊन एवढा खटाटोप? मांजरच तं हाय."
मी काही बोलले नाही.
नव्या घरातला पहिला आठवडा कसा असतो
हे दळणाच्या रांगेतल्या
कोणत्याही बाईला विचारता आलं असतं.

नवव्या दिवशी ज्वारी दळत होते.
दार नीट लागलं नव्हतं. पिल्लू सुटलं,
पट्ट्याला भ्यालं, उडालं
ते थेट देवकाबाईच्या पिठाच्या डब्यात.
वर आलं तेव्हा पांढरं फेक,
दोन डोळे आणि एक शिंक.
नेमकी तेव्हाच लाईन गेली.

कवेलूतून एक पाय.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग भुरी.

हुंगलं तिनं.
जिनिंगचा वास नाही, पोतडीचा नाही,
नुसतं पीठ.
शेंदऱ्याला येतो तोच वास, माझ्या लुगड्याला येतो तोच,
तिला स्वतःलाही येत असेल,
कधी लक्षात आला नसेल.
एक कान चाटला. थांबली. दुसरा चाटला.
माया की ज्वारी,
मी विचारलं नाही.

देवकाबाईला माझ्या घरातलं पीठ भरून दिलं.
आठाच्या सुमारास लाईन आली, पट्टा चढवला.
भुरी पळाली, शेंदऱ्या आला.
पिल्लू मधोमध उभं,
अर्धं काळं, अर्धं पांढरं,
कोणासारखं व्हायचं ते ठरेना त्याला.

त्याचं वजन अजून लिहिलेलं नाही.
काटा रिकामा झाला की बघू.