वेइयो कार्पानेनची उजवी धमनी

मंगळवारी लाकूड फोडताना
त्याच्या उजव्या डोळ्यावर वरून खाली पडदा सरकला
आणि दहा मिनिटांनी
काही झालंच नाही असा वर गेला.
बायकोला त्यानं गुरुवारी सांगितलं.
आमच्याकडची माणसं अशीच, बोलायला दोन दिवस घेतात,
मग कुओपियोला यायला अडीच तास.

मान पहिल्यांदा माझ्या हाती आली.
गार जेल, जबड्याखाली प्रोब,
डावीकडे खोलीभर आवाज: हुश्श, हुश्श,
भरल्या अंगाचा, ठोक्याला ठोका.
उजवीकडे नुसती पुटपुट.
मग तीही नाही.
नाही, की मलाच ऐकू येत नाही?
सोनोग्राफीला कान असतात,
पण जबड्याच्या हाडापाशी ती थांबते,
दार लावून घेतलेल्या घराबाहेर
शेजारीण उभी राहावी तशी.

मग एमआर. वीस मिनिटं लोखंडावर लोखंड.
त्याच्या लेखी जे वाहतं तेच उजळतं,
जे थबकतं, गोल फिरतं, ते काळं.
डावी धमनी लखलखीत.
उजवीत अंगठ्याएवढी जागा कोरी,
वर काहीतरी धूसर, असेल नसेल.
"इथे संपते," एक शिकाऊ डॉक्टर म्हणाला.
वेइयोनं चष्मा लावला.
"कोइतायोकीवर अकरा उन्हाळे मी ओंडके वाहून नेले.
भोवऱ्यात ओंडका दिसेनासा होतो.
म्हणून नदी संपली
असं तिथे कुणी म्हणत नसे."

सीटीला घाई असते.
चार सेकंद, नसेत डाय, अंगभर ऊब,
आणि तो कानापर्यंत लाल होऊन विचारतो,
"चड्डी ओली झाली का हो?"
सगळेच विचारतात. कुणाचीच झालेली नसते.
नळीचा आकार तिनं नेमका दिला,
हाडासकट, वळणासकट,
फक्त हव्या त्या जागी चुना साचलेला.
डाय पांढरी, चुना त्याहून पांढरा,
आत वाट आहे की भिंत,
चुन्यानं ताकास तूर लागू दिला नाही.

रौनी पेल्कोनेन टेबलावर पेन वाजवत बसली.
पूर्ण बंद असेल तर हात लावायचा नाही.
सुताएवढी उघडी असेल
तर निदान बोलायला काहीतरी आहे.
तीन यंत्रं, तीन साक्षी,
एकीचंही खोटं नाही.

राहिली तार.
मनगटातून शिरून मानेपर्यंत जाणारी.
तिनं त्याला सरळ सांगितलं:
जो झटका टाळायचाय
तोच झटका ही तपासणी देऊ शकते,
शंभरात एकालाही नाही, पण कुणाला तरी.
त्यानं सही केली, सावकाश,
कुऱ्हाडीनं वाकड्या झालेल्या बोटांनी.

मशीन आधी कवटीचं चित्र घेतं
आणि मग कवटीच वजा करतं.
उरतं ते फक्त चाललेलं.
पहिला सेकंद, दुसरा. काही नाही.
तिसरा.
बाकीचं रक्त डोकं फिरून
शिरांच्या वाटेनं परतायला लागलेलं
आणि तेव्हा, सगळ्यांच्या मागून,
खालून एक काळा केस
वर चढू लागला.
सहाव्या सेकंदाला तो हाडाच्या बोगद्यात शिरला.

कुणी काही बोललं नाही.
रौनीनं पेन खाली ठेवलं.
मी वेळ लिहिली, डायचे मिलिलिटर लिहिले.

पुढचं त्यांचं त्यांनी ठरवायचंय, सोमवारी.
शनिवारी मी वॉर्डात गेले तेव्हा
त्यानं चित्रांबद्दल विचारलंच नाही.
"तो पहिल्या दिवशीचा आवाज," म्हणाला,
"पुन्हा ऐकता येईल?
डावीकडचा चालेल."
नियमात बसत नव्हतं. मशीन ओढत आणलं.
बायको, आइला तिचं नाव, विणकाम मांडीवर ठेवून
डोळे मिटून ऐकत राहिली
एकेचाळीस वर्षांच्या नवऱ्याला.

घरी आले तर तळं गोठायला लागलेलं,
काठाशी आधी.
झोपताना दोन बोटं मानेवर ठेवली.
एकाच बाजूला.
दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत, असं आम्हाला शिकवलंय.